पाणी काढलंय

आमच्या नगर जिल्ह्यात आंघोळीचा विचार पावसापासून सुरू करावा लागतो. पश्चिमेला अकोले तालुक्यात, घाटघर आणि रतनवाडीच्या डोंगरांत, पावसाळ्यात हजारो मिलिमीटर पाऊस कोसळतो. तोच पाऊस पूर्वेकडे सरकताना रिता होत जातो. पाथर्डी, जामखेड, कर्जत, पारनेरच्या वाट्याला पाचशे मिलिमीटरच्या आसपास येतो आणि तोही वेळेवर येईल याचा भरवसा नसतो. मधल्या पट्ट्याची गोष्ट निराळी. भंडारदऱ्याचं धरण १९२६ साली पूर्ण झालं, प्रवरेचे कालवे फिरले आणि श्रीरामपूर-राहात्याकडे ऊस उभा राहिला. उत्तरेच्या कडेनं गोदावरी वाहते. तिला तिथली माणसं गंगाच म्हणतात आणि तिच्या काठच्या मुलखाला गंगथडी. त्यामुळे एकाच सकाळी या जिल्ह्यात कुणी कोपरगावला पात्रात उतरून डुबकी मारत असतं, तर कुणी तांब्या जपून अंगावर ओतत असतं. दोघांचीही आंघोळ होते आणि दोघांनाही नंतर बरं वाटतं. हे बरं वाटणं नेमकं कुठून येतं, हा माझा जुना प्रश्न आहे.

शरीराचं उत्तर सरळ आहे. कोमट पाणी अंगावर पडलं की कातडीतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात, आखडलेले स्नायू सैल पडतात. झोपायच्या तास-दीड तास आधी अशी आंघोळ केली, तर आतली उष्णता हातापायांवाटे बाहेर पडते, शरीर आतून थोडं निवतं आणि झोप लवकर लागते. दिवसभर खुरपणी करून आलेली बाई रात्री गरम पाण्याच्या घमेल्यात पाय सोडून बसते, त्यामागेही हेच असतं. गार पाण्याचं काम याच्या उलट. श्वास क्षणभर अडकतो, नाडी वेगानं धावते, अंग खडबडून जागं होतं. कार्तिकात काकडआरतीला निघालेली माणसं पहाटे विहिरीच्या पाण्यानं आंघोळ करून देवळात येतात, तेव्हा थंडीनं लाल झालेल्या त्यांच्या चेहऱ्यांवर टवटवी असते. ज्याचं हृदय दुखणाईत आहे त्यानं मात्र हा एकदम बसणारा धक्का टाळावा. तापानं फणफणलेल्या माणसाला आंघोळ नको, कोमट पाण्यात पिळलेल्या फडक्यानं अंग पुसणं पुरतं. वैशाखात ऊन लागून कुणी पडलं, तर सावलीत नेऊन अंग ओलं करणं आणि वारा घालणं हाच दवाखान्यात पोचेपर्यंतचा पहिला उपचार असतो.

हे सगळं आपल्याकडे फार पूर्वीच नोंदलेलं आहे. चरकानं स्नानाला थकवा, घाम आणि मळ घालवणारं, बळ देणारं, आयुष्य वाढवणारं म्हटलं. वाग्भटानं आणखी बारकाईनं सांगितलं की ऊन पाणी मानेखाली घ्यावं, त्यानं ताकद येते. डोक्यावर घेतलं तर केसांना आणि डोळ्यांना बाधतं. जेवण झाल्याबरोबर, अजीर्ण झालेलं असताना, पडसं किंवा अतिसार असताना आंघोळ करू नये, हेही त्यानंच बजावलं. नगर शहरात या विद्येची जुनी परंपरा आहे. वैद्यपंचानन गंगाधरशास्त्री गुणे यांनी औषधींच्या गुणधर्मांवर मोठा ग्रंथ लिहिला आणि त्यांच्या नावाचं आयुर्वेद महाविद्यालय आजही नगरमध्ये चालू आहे. वैद्य मंडळी ज्याला अवगाह म्हणतात, म्हणजे कोमट पाण्यात किंवा काढ्यात कमरेपर्यंत बसणं, ते मूळव्याधीच्या ठणक्यावर उतारा म्हणून पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं गेलं. आजचे सर्जनही ऑपरेशननंतर रुग्णाला टबात कोमट पाणी घेऊन बसायला सांगतात.

महात्मा गांधी याच वाटेनं दुसऱ्या टोकाकडून आले. जर्मनीतल्या लाइपझिगच्या लुई कुन्हे यांच्या पुस्तकातून त्यांनी कटिस्नान उचललं. टबात गार पाणी घ्यायचं, पाय आणि छाती कोरडी ठेवून फक्त ओटीपोट आणि मांड्या पाण्यात बुडवायच्या आणि मऊ फडक्यानं पोट हलकं चोळत राहायचं. १९४२ च्या ऑगस्टमध्ये काँग्रेसचे नेते पकडले गेले. नेहरू, वल्लभभाई आणि मौलाना आझाद यांना आमच्या नगरच्या किल्ल्यात आणलं, गांधीजींना पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये ठेवलं. नेहरूंनी इथं भारताचा शोध घेणारा ग्रंथ लिहिला, गांधीजींनी तिथं आरोग्यावरचं छोटं पुस्तक लिहिलं आणि त्यात पाण्याच्या उपचारांना पानंच्या पानं दिली. देश पेटलेला असताना तो म्हातारा माणूस टबात किती वेळ बसावं हे लिहीत होता, कारण ज्याला डॉक्टर परवडत नाही त्याच्या हाती काय आहे, याचा विचार त्याच्या मनातून कधी गेलाच नव्हता. १९४६ साली उरुळी कांचनला त्यांनी निसर्गोपचार सुरू केला तोही खेड्यातल्या गरिबांसाठीच.

पण पाणीच नसेल तर? आपल्या धर्मशास्त्राला हा प्रश्न पडलेला होता असं दिसतं, कारण त्यानं स्नानाचे सात प्रकार मानले. पाण्यानं होतं ते वारुण. भस्म लावून होतं ते आग्नेय. गाईंच्या खुरांची धूळ अंगावर घेतली की वायव्य. ऊन असताना पडणाऱ्या पावसात भिजलं की दिव्य. मातीनं भौम, मंत्रानं मांत्र आणि नुसत्या ध्यानानं मानस. सातांपैकी एकालाच पाणी भरून आणावं लागतं. पाथर्डी तालुक्यातल्या मढीला कानिफनाथांची समाधी आहे. फाल्गुनात तिथं यात्रा भरते तेव्हा भस्म फासलेले नाथपंथी जोगी चढण चढताना दिसतात, आणि आग्नेय स्नान काय ते पोथी न उघडता कळतं. वायव्य स्नान तर आमच्याकडे रोजचं होतं. संध्याकाळी गुरं गावात परतायची तेव्हा सगळी वेस धुळीनं भरून जायची आणि त्या धुळीला कुणी घाण म्हणत नसे. म्हणजे आंघोळीचं सार पाण्याच्या मापात नाही, हे जुन्या माणसांनी कबूल केलेलं होतं. मग ते आहे कशात?

मला याचं उत्तर आजीच्या न्हाणीत मिळालं. तिचं गाव पाथर्डीच्या बाजूचं. उन्हाळ्यात विहीर तळाला जायची, टँकरची वाट बघावी लागायची. अशा दिवसांत घरातलं सगळ्यांचं पाणी तीच काढायची. तांब्याच्या बंबाच्या मधल्या नळकांड्यात काटक्या आणि शेणकुटाचे तुकडे घालायचे, पाणी उकळलं की तोटीखाली बादली लावायची आणि मग त्यात विसण घालायचं. विसण घालणं ही तिची खास विद्या होती. आजोबांना कडक पाणी लागे, धाकट्या काकांना नुसतं कोमट, आम्हा पोरांना आणखी सौम्य. मनगटाची आतली बाजू पाण्याला लावून ती प्रत्येकाचं पाणी ठरवायची आणि हाक द्यायची, “पाणी काढलंय रे, ऊठ.” आम्ही परातीत बसून आंघोळ करायचो. परातीत साठलेलं पाणी ती शेवग्याच्या बुंध्याशी नेऊन ओतायची. जपानी घरांत आधी बाहेर अंग स्वच्छ धुतात, मग गरम पाण्याच्या टाकीत शेकायला उतरतात, आणि तेच पाणी घरातली सगळी माणसं एकामागून एक वापरतात, असं पुढे वाचलं तेव्हा मला ती परात आठवली. पाणी थोडं असो की पुष्कळ, ते घरातल्या दुसऱ्यांचंही आहे, ही जाणीव दोन्ही ठिकाणी सारखीच.

आपल्यासाठी कुणीतरी पाणी काढून ठेवलं आहे, आपल्याला ते किती ऊन लागतं हे कुणाला तरी ठाऊक आहे, हे त्या हाकेत असायचं. आंघोळीतलं निम्मं सुख तिथंच मिळून जायचं. माझं म्हणणं इतकंच आहे की आंघोळ ही मुळात एकट्यानं करायची गोष्ट नाही. आपण तिला दार लावून एकट्याची केली आहे, पण तिच्या सगळ्या महत्त्वाच्या रूपांत दुसरं माणूस आहेच.

बाळंतिणीचं न्हाणं बघा. बाळंतिणीला मायेनं वागवायचं म्हणजे काय, ते आमच्या बायकांनी या न्हाण्यातूनच शिकवलं. न्हाऊ घालणारी बाई सकाळी उन्हं चढली की यायची. आधी तेल. पाठीला, कमरेला, पिंढऱ्यांना अंगठ्यानं दाबत दाबत ती दुखरी जागा शोधून काढायची. मग सोसवेल इतकं कढत पाणी कमरेवर तांब्या-तांब्यानं सोडायचं. नंतर बाजेवर झोपवून खालच्या शेगडीचा शेक. बाळाची पाळी आली की ती पाटावर पाय लांब करून बसायची आणि बाळाला पायांच्या खोबणीत पालथं घ्यायची. डाळीचं पीठ आणि साय अंगाला चोळायची, एका हातानं कपाळाशी आडोसा करून दुसऱ्या हातानं पाणी घालायची. बाळ टाहो फोडायचं आणि दुपट्यात गुंडाळलं की तास न्‌ तास झोपायचं. डॉक्टर आता बजावतात की कानानाकात तेल घालू नये, बंद खोलीत धुरी देऊ नये, नाळ पडेपर्यंत बाळाला नुसतं पुसून घ्यावं. ते ऐकायलाच हवं. पण त्या बाईचे हात सोडून देऊ नयेत. बाळंतपणानंतर जिच्या मनाचा तोल ढळतो, जी एकटीच रडत बसते, तिच्या पाठीवरून रोज सकाळी घटकाभर एक जाणता हात फिरणं याला पर्याय देणारी गोळी मला माहीत नाही.

माणसांसाठीच असं नाही. पोळ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडे खांदेमळणी असते. वर्षभर जू ओढून ज्या खांद्याला घट्टे पडले, तो खांदा ऊन पाण्यानं शेकायचा आणि हळद-तूप लावून मळायचा. दुसऱ्या दिवशी बैल नदीवर किंवा बंधाऱ्यावर न्यायचे आणि खसाखसा धुवायचे. त्या दिवशी मालक पाण्यात गुडघाभर उभा असतो आणि बैल डोळे मिटून शांत. ज्यानं आपल्यासाठी कष्ट उपसले त्याच्या दुखऱ्या जागेला आधी हात लावायचा, हा त्या सणाचा गाभा मला वाटतो. दिवाळीच्या पहाटेचं अभ्यंगही याच जातीचं. नरकचतुर्दशीला स्वतःच्या हातानं तेल लावून घेतलं तर ते अभ्यंग पुरं वाटत नाही. आईनं किंवा बहिणीनं पाठ चोळावी, उटणं लावावं, अंगावर पाणी पडत असताना ओवाळावं. एरवी वर्षभर एकमेकांना स्पर्शही न करणारी मोठी झालेली भावंडं त्या एका पहाटे पाटावर बसतात आणि उठतात ती पुन्हा एका घरची होऊन.

आणि पहिली आंघोळ जशी आपण आपल्या हातानं करत नाही, तशी शेवटचीही करत नाही. फिनलंडमधली खेड्यातली माणसं पूर्वी सौनाच्या उबदार लाकडी खोलीतच बाळंत होत आणि गेलेल्या माणसाचा देहही तिथंच धुतला जाई. आपल्याकडे दाराशी चूल मांडून पाणी तापवतात, गल्लीतले चार लोक पुढे होतात. जन्मभर ज्यांच्याशी बांधावरून भांडण झालं तेही तांब्या हातात घेतात. माझे आजोबा शेवटचं वर्षभर अंथरुणाला खिळून होते. रोज त्यांचं अंग पुसण्याचं काम वडिलांकडे होतं. ज्या बापाशी ते मान वर करून कधी बोलले नव्हते, त्याच बापाचे पाय ते कोमट पाण्यात धरून बसत, नखं काढत, बोटांच्या बेचक्या कोरड्या करत. दोघंही काही बोलायचे नाहीत. मला वाटतं, त्या वर्षात त्या दोघांचं जेवढं बोलणं झालं तेवढं आधीच्या पन्नास वर्षांत झालं नसेल.

आता घराबाहेर येऊ. ज्याला आपण ओळखत नाही, त्याच्या आंघोळीची काळजी कुणी करायची? हा प्रश्न जुन्या राज्यकर्त्यांनी आपला मानला होता. रतनवाडीच्या अमृतेश्वराजवळची पायऱ्या-पायऱ्यांची पुष्करणी बघितली की कळतं, देवाकडे येणाऱ्या वाटसरूच्या अंगावर आधी पाणी पडावं याची सोय कुणीतरी शेकडो वर्षांपूर्वी दगडात करून ठेवली. निजामशाहीत नगरला कापूरवाडी, शेंडी, वडगाव इथल्या विहिरींमधून खापरी नळांनी पाणी आणलं होतं. भाजक्या मातीचे नळ एकमेकांत बसवून जमिनीखालून, उताराचा अंदाज घेत, विनापंप मैलोन्‌मैल. असं आणलेलं पाणी फराहबागेतल्या महालाभोवतीच्या तळ्यासारख्या शाही थाटाला लागलं तसं शहराच्या हौदांनाही लागलं.

पण या मातीत जन्मलेल्या एका मुलीनं हे काम ज्या उंचीला नेलं त्याला तोड नाही. जामखेड तालुक्यातल्या चौंडीत ३१ मे १७२५ रोजी अहिल्याबाईंचा जन्म झाला. सीनेच्या खोऱ्यातला हा सगळा भाग तहानलेला. अशा गावची ही लेक पुढे महेश्वरला राज्य करू लागली आणि तिनं नर्मदेवर घाट बांधले, काशीला गंगेवर बांधले, हरिद्वारला कुशावर्ताचा घाट बांधला. घाटाची रचना नीट बघितली तर त्यातली माया दिसते. नदीचं पाणी पावसाळ्यात चढतं, उन्हाळ्यात उतरतं. साध्या काठावर कधी चिखल, कधी घसरण, कधी एकदम डोह. घाटाला पायऱ्या असतात त्यामुळे वर्षातल्या कुठल्याही दिवशी कुठली तरी एक पायरी बरोबर पाण्याला टेकलेली असते. म्हातारीला, पोटुशीला, पाण्याला भिणाऱ्या पोराला पाय टेकायला जागा मिळते. माझी आजी मनगटानं जे घरातल्या माणसांसाठी करायची, ते अहिल्याबाईंनी दगडात बांधून न पाहिलेल्या लाखो माणसांसाठी केलं. नगर जिल्ह्याला २०२४ साली त्यांचं नाव मिळालं. नावाबरोबर हे कामही आपल्याकडे आलं आहे, असं मी मानतो.

त्या कामाची खूण आजही मधूनमधून दिसते. त्र्यंबकेश्वरहून निघालेली निवृत्तिनाथांची पालखी दर आषाढीला आपल्या जिल्ह्यातून पंढरपूरकडे जाते. मिरजगाव-कर्जतच्या कोरड्या टापूत शेतकरी पहाटे विहिरीवरची मोटार सुरू करून देतात आणि पाइपाच्या जाड धारेखाली वारकरी आंघोळी उरकतात. विहिरीत पाणी किती उरलं आहे, हे त्या शेतकऱ्याला चांगलं ठाऊक असतं. तरी तो बटण दाबतो.

पण सगळ्यांच्या वाट्याला ही धार आली नाही, हे विसरून चालणार नाही. आपले पाणवठे जातीजातींत वाटलेले होते. ज्या घाटावर गाई-म्हशी उतरत त्यावर माणसांना बंदी होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना १९२७ साली महाडच्या चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेण्यासाठी सत्याग्रह करावा लागला. पाण्याचं पावित्र्य सांगणाऱ्या समाजानं पाण्यापासूनच माणसं दूर ठेवली, या गोष्टीची लाज आपल्या प्रत्येक स्नानात असायला हवी.

आणि ती गोष्ट संपलेली नाही. दरवर्षी दिवाळीच्या सुमाराला पाथर्डी, शेवगाव, जामखेडमधून ऊसतोडीसाठी बिऱ्हाडं निघतात. अभ्यंगाचं तेल अंगात मुरायच्या आत माणसं ट्रकमध्ये बसतात. पुढचे पाच-सहा महिने त्यांचं घर म्हणजे फडाजवळची कोपी. बायका पहाटे अंधार असतानाच उठतात, चार बांबूंना जुनी लुगडी बांधून केलेल्या आडोशात किंवा उसाच्या सरीत घाईघाईनं चार तांबे अंगावर घेतात, कारण उजाडलं की आडोसा पुरत नाही आणि कोयता वाट पाहत असतो. पाळीच्या दिवसांत ही घाई आणखी जिवावर येते. कातडीचे विकार होतात, अंगावरची दुखणी तशीच राहतात. दिवसभर उसाच्या पाचटानं ओरबाडलेल्या अंगाला रात्री ऊन पाणी मिळालं असतं तर केवढा फरक पडला असता! तेही मिळत नाही, कारण पाणी लांबून आणायचं, सरपण पुरवून वापरायचं आणि दार कुठंच नाही.

बरं वाटणं कुठून येतं, या प्रश्नाचं माझं उत्तर या बायकांपाशी येऊन थांबतं. आंघोळीनं माणसाला बरं वाटतं, कारण थोडा वेळ का होईना, आपलं शरीर हे कामाचं हत्यार राहत नाही. त्याचे लाड होतात, त्याच्या दुखण्याकडे लक्ष जातं. हे सुख वर्षातून एकदा पोळ्याला आपण बैलालाही देतो. मग जिच्या कोयत्यावर आपल्या साखरेची चव उभी आहे, तिला ते रोज मिळायला हवं. याला मोठी योजना लागत नाही. कोप्यांच्या प्रत्येक तळावर कडी लागणारी न्हाणीघरं, पाण्याची टाकी, पाणी तापवायला सौर बंब आणि रात्री पेटणारा एक दिवा. आशियातला पहिला म्हणवला जाणारा सहकारी साखर कारखाना ज्या जिल्ह्यानं प्रवरेच्या खोऱ्यात उभा केला, त्याला हे जड नाही. अहिल्याबाईंचे नवे घाट आता नदीवर नव्हे, फडाच्या कडेला बांधायचे आहेत. येत्या हंगामाचं धुराडं पेटण्याआधी त्यांचा पाया खणला गेला पाहिजे.